तलावकाठचे घर आणि लाकडी डेक : साहित्याची निवड कशी करावी?

घराबाहेर, जमिनीपासून थोडा उचललेला, फळ्यांचा मोकळा ओटा म्हणजे डेक. सकाळचा चहा, संध्याकाळच्या गप्पा आणि मुलांचे खेळ यांसाठी हक्काची जागा म्हणून त्याची आवड गेल्या काही वर्षांत शहरी घरांतून वाढली आहे. घर तलावाच्या काठी असेल तर ही हौस अधिकच स्वाभाविक. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांची घरे आगरा किंवा सोमसुंदरपाळ्य तलावाच्या आसपास आहेत. गच्चीवर, अंगणात किंवा बाल्कनीत डेक करावयाचा असे ठरले की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो, ‘लाकूड कोणते घ्यावे?’

प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नव्हे. डेकचे आयुष्य वरच्या फळीपेक्षा त्या फळीखाली काय आहे यावर अधिक अवलंबून असते. पाणी कोठून येणार, किती वेळ थांबणार आणि कोणत्या वाटेने निघून जाणार, हे आधी ठरवावे लागते. त्याचे उत्तर मिळाले की साहित्याची निवड पुष्कळशी सोपी होते. ते न मिळवता उत्तम सागवान आणले तरी ते काही वर्षांतच कुजू शकते. घरासाठी कर्ज काढणाऱ्या व बचतीतून खर्च करणाऱ्या आपल्या ग्राहकांना या विषयाची थोडी तपशीलवार माहिती असावी, या हेतूने हा लेख.

येथील पाणी कसे आहे?

होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान बेंगळुरू विकास प्राधिकरणाने वसविलेली ही वसाहत. दोन्ही रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एचएसआर हे नाव मिळाले. वसाहत नवी असली तरी येथील तलाव फार जुने आहेत. आगरा येथे इसवी सन ८७० च्या सुमाराचा शिलालेख असून त्यात तलावांना पाणी सोडण्याच्या मोऱ्या बसविल्याचा उल्लेख आहे. बेंगळुरूचे तलाव एकमेकांपासून सुटे नाहीत. वरचा तलाव भरला की त्याचे पाणी ‘राजकालुवे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या नाल्यांतून खालच्या तलावात जावे, अशी ही साखळी आहे. आगरा तलावाचे पाणी बेळ्ळंदूर तलावाकडे, तेथून वर्तूर तलावाकडे आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. या वाटेवर कोठे अडथळा आला की पाणी घरांकडे वळते. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरूत चोवीस तासांत सुमारे १३१ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बाह्य वर्तुळमार्ग, बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता आणि एचएसआर लेआउटचा काही भाग यांनी याचा अनुभव घेतला.

डेकविषयीची बरीचशी छापील माहिती परदेशी समुद्रकाठ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. तिच्यात हिमवर्षाव, खारे वारे आणि लाकूड पोखरणारे सागरी कीटक यांचा विचार मुख्य असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूत यांपैकी एकही गोष्ट नाही. येथील डेकचे शत्रू वेगळे आहेत. उंचीवरील प्रखर ऊन, एप्रिल-मेमधील वळवाच्या सरींपासून ऑक्टोबरपर्यंत अधूनमधून येणारा पाऊस, लाल मातीतील वाळवी आणि सांडपाण्यामुळे दूषित झालेल्या तलावांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हे ते शत्रू होत. या वायूमुळे तांबे व चांदी काळवंडते आणि इतर धातूही गंजतात. कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठी घर असलेल्या वाचकांना मात्र खारी हवा जमेस धरावीच लागेल. त्याचा उल्लेख पुढे येईल.

लाकूड का कुजते?

पाण्यात लाकूड कुजतेच, ही समजूत पूर्णपणे खरी नाही. मुंबईच्या गोदीत जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. लाकूड कुजविते ती बुरशी. तिला वाढण्यासाठी ओलावा, हवा, ऊब आणि अन्न या चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचे फारसे काही चालत नाही. फळी भिजली आणि दोन-तीन दिवसांत वाळली तर तिला धोका नाही. ती भिजली आणि सांध्यात, स्क्रूच्या भोकात किंवा मातीला टेकलेल्या टोकात ओल आठवडे-आठवडे राहिली, की कुजण्यास प्रारंभ होतो.

आपले पूर्वज हे जाणून होते. जुन्या वाड्यांतील लाकडी खांब जमिनीत पुरलेले दिसत नाहीत. ते दगडी तळखड्यावर उभे असतात, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी थेट लाकडापर्यंत पोहोचत नाही. आधुनिक डेकलाही हाच नियम लागू आहे. खालचे खांब व तुळया दगडाच्या, काँक्रीटच्या किंवा धातूच्या बैठकीवर असाव्यात. डेकखालच्या जमिनीला किंवा गच्चीला शंभरास एक या प्रमाणात उतार असावा. दोन फळ्यांत पाच ते सहा मिलिमीटर फट ठेवावी. डेकखालून हवा खेळती राहण्यासाठी बाजू बंद करू नयेत. शोभेसाठी चारही बाजूंनी पट्ट्या ठोकून डेकची पेटी करणे ही तो कुजविण्याची खात्रीची रीत होय. शिवाय तेथे कचरा, डास आणि उंदीर यांनाही आश्रय मिळतो.

देशी लाकडे : साग, ऐन, बिबळा

लाकडाचा नैसर्गिक टिकाऊपणा मोजण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ते किती काळ टिकतात हे पाहिले जाते. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात धरले जाते. सागाच्या गाभ्याचे लाकूड पहिल्या वर्गात मोडते. त्यातील नैसर्गिक तेलकट द्रव्ये बुरशी व वाळवीला दूर ठेवतात, आणि भिजणे-वाळणे यांमुळे ते फारसे पिळवटत नाही.

येथे ‘गाभ्याचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. झाडाच्या सालीलगतचे फिकट, पांढरट लाकूड कोणत्याही जातीचे असो, ते टिकाऊ नसते. जुन्या जंगलातील मोठ्या झाडात गाभा भरपूर असे. लागवडीतील कोवळ्या सागात पांढऱ्या भागाचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे ‘साग’ एवढा एक शब्द पावतीवर असणे पुरेसे नाही. प्रत्येक फळीच्या कडा पाहाव्यात, पांढरी पट्टी असलेल्या फळ्या बाजूला काढाव्यात, आणि मागणी नोंदवितानाच तशी अट लिहून घ्यावी.

सागाहून स्वस्त, पण बाहेरच्या कामास योग्य अशी इतर लाकडेही आहेत. वखारीत गेल्यावर नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून येथे मराठी व कानडी नावे एकत्र देत आहोत. आपण ज्याला ऐन म्हणतो त्याला बेंगळुरूच्या वखारीत ‘मत्ती’ म्हणतात. आपला बिबळा म्हणजे तेथील ‘होन्ने’. किंजळ म्हणजे ‘हुनालु’. आणि साग म्हणजे ‘तेग’ किंवा ‘सागुवानी’. ऐन मजबूत व जड आहे, पण नीट वाळविला नाही तर तो चिरतो व वाकतो. खालच्या तुळयांसाठी तो चांगला. बिबळा टिकाऊ आहे. मात्र ओला झाल्यावर त्याचा पिवळसर-तपकिरी रंग उतरतो, म्हणून पांढऱ्या फरशीलगत तो वापरू नये.

कोणतेही लाकूड घेताना त्यातील ओलावा मोजून घ्यावा. छोट्या मापक यंत्राने हे काम क्षणात होते. बेंगळुरूच्या हवेत बाहेरच्या कामासाठी १२ ते १५ टक्के ओलावा योग्य समजावा. ओले लाकूड बसविले तर पुढे ते रुंदीत आकसते आणि सहा मिलिमीटरची फट दहा-बारा मिलिमीटरची होते.

प्रक्रिया केलेले लाकूड

पाइनसारखे मऊ लाकूड मुळात टिकाऊ नसते. दाबाखाली संरक्षक रसायन मुरवून ते टिकाऊ करतात. या तंत्राचा एक महत्त्वाचा टप्पा भारतातच घडला. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण असलेले, ‘सीसीए’ या नावाने जगभर प्रसिद्ध झालेले लाकूडरक्षक १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील डॉ. सोंती कामेसन यांनी शोधून काढले. पुढे अनेक दशके जगातील विजेचे खांब, कुंपणे आणि डेक त्यावर टिकून राहिले. परंतु आर्सेनिक हळूहळू पाझरते, हेही कालांतराने ध्यानी आले. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी ते देणे थांबविले. मुले अनवाणी फिरणार, बाजूला तलाव किंवा बाग असणार, अशा जागी सीसीए मुरविलेले लाकूड वापरू नये. आर्सेनिकविरहित, तांबेयुक्त रसायनांचा पर्याय उपलब्ध आहे. विक्रेत्याकडून रसायनाचे नाव व प्रक्रियेचा दाखला लेखी घ्यावा. लाकूडरक्षणासंबंधी आयएस ४०१ हे भारतीय मानक आहे. केवळ ब्रशने रसायन फासलेले लाकूड म्हणजे दाबाखाली प्रक्रिया केलेले लाकूड नव्हे. साइटवर फळी कापली की कापलेल्या टोकाला पुन्हा रसायन लावावे लागते, हेही सुताराला आधी सांगावे.

दुसरी प्रक्रिया उष्णतेची. लाकूड वाफेच्या सान्निध्यात सुमारे १८० ते २१५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याची पाणी शोषण्याची क्षमता घटते आणि बुरशीला मिळणारे अन्न कमी होते. फिनलंडमध्ये विकसित झालेले हे तंत्र रसायनमुक्त आहे. मात्र अशा लाकडाची ताकद थोडी कमी होते. ते वरच्या फळ्यांसाठी वापरावे, भार पेलणाऱ्या तुळयांसाठी नव्हे.

‘मरीन प्लाय’ या नावाने अनेकांचा गैरसमज होतो. आयएस ७१० मानकाचे प्लायवुड उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या सरसाने चिकटविलेले असते, हे खरे. पण उघड्यावर पायाखाली तुडविण्यासाठी ते नाही. त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात. स्वयंपाकघरातील ओट्याखाली ते उत्तम, डेकसाठी नको.

परदेशी कठीण लाकूड

दक्षिण अमेरिकेतील ‘इपे’ हे लाकूड डेकसाठी जगभर नावाजलेले आहे. ते अत्यंत जड व टिकाऊ आहे. परंतु जंगलतोडीमुळे त्याच्या जाती संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजेच ‘साइट्स’च्या दुसऱ्या परिशिष्टात, समाविष्ट झाल्या आणि २५ नोव्हेंबर २०२४ पासून त्यांच्या व्यापाराला त्या कराराखालील परवाना आवश्यक झाला. कागदपत्रांविना स्वस्तात मिळणारे इपे एक तर इपे नसते, किंवा ते वैध मार्गाने आलेले नसते. दोन्ही बाबतींत ग्राहकाचेच नुकसान आहे.

लाकूड-प्लास्टिक मिश्रण

‘डब्ल्यूपीसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फळ्या लाकडाचा भुसा किंवा भाताची तूस आणि पॉलिएथिलीन अथवा पीव्हीसी यांच्या मिश्रणातून तयार होतात. त्यांना वाळवी सहसा लागत नाही, कुसळ निघत नाही, तेलपाणी करावे लागत नाही. म्हणून त्यांना मागणी आहे. तरीही चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, तर ही फळी उष्णतेने लांबीत वाढते. तीन मीटरची फळी पहाटे आणि भर दुपारी यांत तीन-चार मिलिमीटरने लांब-आखूड होऊ शकते. टोकांना जागा सोडली नाही तर ती उचलली जाते. दोन, ती लाकडाहून कमी ताठ असते. लाकडी फळीखालच्या तुळया ४०० ते ४५० मिलिमीटर अंतरावर चालतात. येथे ते अंतर ३०० ते ३५० मिलिमीटर ठेवणे हिताचे. अंतर वाढविल्यास फळी कालांतराने खोलगट होते. तीन, गडद रंगाची फळी बेंगळुरूच्या उन्हात अनवाणी पायाला चटका देते. फिकट रंग निवडावा. चार, आत पोकळ असलेल्या फळीत पाणी शिरले तर ते निघत नाही; भरीव आणि वरून संरक्षक थर असलेली फळी अधिक चांगली. आणि ती कुजत नाही हा तिचा गुण असला, तरी आयुष्य संपल्यावर तिची विल्हेवाट लावणे कठीण जाते.

पिळलेल्या बांबूच्या धाग्यांपासून, राळ घालून व उष्णतेने दाबून केलेल्या फळ्याही बाजारात आहेत. साध्या बांबूशी त्यांची तुलना करू नये. त्या अतिशय कठीण असतात. त्यांचा कच्चा दुवा म्हणजे कापलेली टोके. ती मेण किंवा तेल लावून बंद केली नाहीत तर तेथून बुरशीचे काळे डाग सुरू होतात. लाकूड व बांबूवरील संशोधनासाठी बेंगळुरूतच मल्लेश्वरम् येथे लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, ही गोष्ट येथील ग्राहकांच्या सोयीची आहे.

दगडाचा विसर पडू नये

जमिनीलगतच्या जागेत लाकडाचा हट्ट का धरावा, हाही प्रश्न विचारून पाहावा. बेंगळुरूच्या परिसरातील राखी सादरहळ्ळी ग्रॅनाइट, कलबुर्गी जिल्ह्यातील आपल्या परिचयाची शहाबादी फरशी आणि कोकणातील जांभा ही सारी पाण्याशी जन्मोजन्मीची ओळख असलेली साधने. तासलेला, खरखरीत दगड वाळूच्या थरावर, सांध्यांत सिमेंट न भरता बसविला तर पावसाचे पाणी सांध्यांतून जमिनीत मुरते. पूर येऊन गेला तरी पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन निघतो. अंगणात दगड आणि गच्चीवर लाकूड, अशी वाटणी एचएसआर लेआउटसारख्या सखल भागात शहाणपणाची ठरते.

गच्चीवर किंवा बाल्कनीत मात्र वजनाचा विचार करावा लागतो. २५ मिलिमीटर जाडीची सागाची फळी दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो भरते. तेवढ्याच जाडीची भरीव मिश्रणाची फळी सुमारे ३० किलो. आणि ३० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट सुमारे ८० किलो. घरगुती बाल्कनी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो वापराचा भार पेलेल असे गृहीत धरून तिची रचना करण्याचा भारतीय मानकाचा संकेत आहे. हा भार माणसांचा व सामानाचा आहे. वर बसविलेला दगड, कुंड्यांतील ओली माती आणि पाण्याची टाकी यांचा हिशेब रचना अभियंत्याकडूनच करून घ्यावा. गच्चीचे जलरोधक काम डेकच्या आधी व्हावे, आणि त्या थरात स्क्रू घुसवू नयेत. डेक उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर ठेवावा. सांडपाण्याच्या तोंडावरील फळ्या उचलता येतील अशा असाव्यात.

स्क्रू आणि तुळया : स्वस्ताईची चुकीची जागा

उत्तम फळीखाली हलकी तुळई आणि साधा लोखंडी स्क्रू, ही चूक सर्रास दिसते. साग-ऐनासारख्या लाकडात टॅनिन असते. ओल लागली की लोखंडाशी त्याचा संयोग होऊन स्क्रूभोवती निळसर काळा डाग पडतो आणि स्क्रू गंजून ढिला होतो. तांबेयुक्त रसायनाने मुरविलेल्या लाकडातही साधे लोखंड लवकर गंजते. म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. गोड्या पाण्याच्या काठी ३०४ प्रतीचे चालतात. दूषित तलावालगत, तसेच रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यातील खाऱ्या हवेत ३१६ प्रतीचे घ्यावेत. एकूण खर्चात स्क्रूंचा वाटा लहान असतो, पण फळ्या उचकटून पुन्हा बसविण्याचा खर्च मोठा असतो. तुळई कुजली तर वरची चांगली फळीही काढावी लागते; म्हणून तुळयांचे आयुष्य फळ्यांपेक्षा कमी असता कामा नये. जस्ताचा जाड थर दिलेल्या लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या तुळया हा चांगला पर्याय आहे.

खर्चाचा हिशेब

विक्रेते दर चौरस फुटाचा भाव सांगतात. ग्राहकाने मात्र दर वर्षाचा भाव काढावा. केवळ हिशेबाची पद्धत समजावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका डेकचा प्रारंभिक खर्च ६०,००० रुपये, वार्षिक देखभाल ४,००० रुपये आणि आयुष्य ६ वर्षे. एकूण खर्च ८४,००० रुपये, म्हणजे वर्षाला १४,००० रुपये. दुसऱ्याचा प्रारंभिक खर्च १,००,००० रुपये, देखभाल ६,००० रुपये आणि आयुष्य २० वर्षे. एकूण २,२०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ११,००० रुपये. भावात स्वस्त असलेला पहिला डेक वापरात महाग पडला. हीच आकडेमोड आपल्याला मिळालेल्या प्रत्यक्ष दरपत्रकांवर करावी.

काम कर्जातून होणार असेल तर त्यात व्याज मिळवावे. एक लाख रुपये दरसाल १० टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २,१२५ रुपये येतो आणि एकूण परतफेड सुमारे १,२७,५०० रुपये होते. यावरून एक साधा नियम निघतो : कर्जाच्या मुदतीहून डेकचे आयुष्य बरेच अधिक असले पाहिजे. शेवटचा हप्ता भरण्याच्या आधीच फळ्या बदलण्याची वेळ आली, तर त्याच जागेसाठी दुसरे कर्ज काढावे लागते आणि संसाराच्या अंदाजपत्रकाला भोक पडते.

परवानगी, सीमारेषा आणि विमा

तलावकाठी बांधकाम करताना सर्वांत महाग पडणारी चूक लाकडाची नसून जागेची असते. आगरा आणि बेळ्ळंदूर या तलावांमधील जमिनीवरील बांधकामासंबंधीच्या दाव्यात राष्ट्रीय हरित लवादाने ४ मे २०१६ रोजी तलावाभोवती ७५ मीटरचा संरक्षक पट्टा ठरविला होता. सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी तो भाग रद्द केला आणि शहराच्या विकास आराखड्यातील अंतरे पुन्हा लागू झाली. ती म्हणजे तलावापासून ३० मीटर आणि नाल्यांपासून त्यांच्या श्रेणीनुसार ५०, २५ व १५ मीटर. तलावांभोवतीच्या पट्ट्यात बदल सुचविणारे विधेयक २०२५ मध्ये राज्य विधिमंडळात आले. म्हणून काम सुरू करण्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे याची खात्री संबंधित कार्यालयातून लेखी करून घ्यावी. २०२५ मध्ये बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण व पाच महानगरपालिका आल्या आहेत, हेही ध्यानात असावे. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. ‘डेक तात्पुरता आहे’ ही सबब संरक्षक पट्ट्यात उपयोगी पडेल, असे गृहीत धरू नये.

सदनिकाधारकांनी गच्ची ही सामाईक मालमत्ता आहे काय हे पाहून संघाची लेखी संमती घ्यावी. मंजूर नकाशाबाहेरचे बांधकाम घराच्या मूल्यांकनात अडचण ठरू शकते आणि पुढे घर विकताना किंवा त्यावर कर्ज घेताना ते पुढे येते. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमा योजनेत पूर व वादळ यांपासून घराला संरक्षण मिळते. नवा डेक विमा रकमेत धरला आहे ना, हे विचारून घ्यावे. हळूहळू कुजणे किंवा वाळवी लागणे ही मात्र विम्याची घटना नव्हे. त्या नुकसानीपासून संरक्षण देणारा विमा म्हणजे काळजीपूर्वक केलेली निवड आणि वेळेवर केलेली देखभाल, एवढाच.

देखभाल आणि तलाव

उन्हातील अतिनील किरणांमुळे सागाचा सोनेरी रंग वर्ष-दीड वर्षात रुपेरी राखाडी होतो. हे कुजणे नव्हे. रंग आवडत असेल तर काहीच करू नये. मूळ रंग टिकवायचा असेल तर लाकडात मुरणारे तेल वर्षातून एकदा, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत, लावावे. चकचकीत व्हार्निश बाहेर टिकत नाही. त्याला तडे जातात, आत पाणी शिरते आणि तेथेच अडकते. पावसाळ्यापूर्वी फटींतील पाने व माती काढावी, ढिले स्क्रू आवळावेत आणि टोकांना टाचणी टोचून लाकूड मऊ पडले आहे का ते पाहावे. अर्ध्या तासाचे हे काम एखादी तुळई वाचविते.

डेक धुताना साबणाची पूड वापरू नये. पाणी व ब्रश पुरेसा आहे. बेळ्ळंदूर तलावावर २०१५ च्या सुमारास रस्त्यापर्यंत उसळलेला फेस अनेकांच्या स्मरणात असेल. सांडपाणी आणि त्यातील धुलाईची रसायने हे त्याचे एक कारण होते. आपल्या अंगणातून पावसाळी नाल्यात गेलेले पाणी त्याच साखळीतून पुढे जाते. तसेच डेकखाली काँक्रीटचा सलग थर ओतू नये. खडीचा थर ठेवला तर पाणी जमिनीत मुरते. घरासमोरील पावसाळी नाल्यावर डेक किंवा फरशी टाकून तो बंद करणे तर सर्वथा टाळावे. तेथे अडलेले पाणी आपल्या नाही तर शेजाऱ्याच्या दारात जाते, आणि मोठ्या पावसात दोघांच्याही.

निवडीचा क्रम

सारांशाने सांगावयाचे तर प्रश्न या क्रमाने विचारावेत. जागा आपली व नियमात बसणारी आहे काय? पाणी येण्याची आणि जाण्याची वाट मोकळी राहते काय? खालची रचना तो भार पेलेल काय? तुळया व स्क्रू फळीइतके टिकतील काय? वर्षाला खर्च किती पडेल? या पाच प्रश्नांनंतर ‘लाकूड कोणते?’ हा सहावा प्रश्न विचारावा. मग गच्चीवर गाभ्याचा साग, ऊन कमी असलेल्या बाल्कनीत भरीव मिश्रणाची फळी, अंगणात सादरहळ्ळी दगड, अशी उत्तरे बहुधा आपोआप समोर येतात.

काम देण्यापूर्वी लाकडाची जात, गाभ्याचे प्रमाण, ओलावा, फळीची जाडी, तुळयांतील अंतर, स्क्रूची प्रत आणि हमीची मुदत या सात बाबी दरपत्रकात लिहून घ्याव्यात आणि किमान तीन दरपत्रके मागवावीत. गृहसुधारणेसाठी कर्ज हवे असल्यास ही दरपत्रके व मंजूर नकाशा घेऊन आपल्या नजीकच्या शाखेत यावे. कागदपत्रे आणि परतफेडीचा हिशेब समजावून देण्यास आमचे अधिकारी सदैव तत्पर आहेत.